पाठ राखा, पोट तासा

ओत्झी मेला तेव्हा त्याचं धनुष्य अर्धवट होतं.

१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतात, ऑस्ट्रिया आणि इटलीच्या सरहद्दीवर, ३,२१० मीटर उंचीवरच्या एका घळीत एका जर्मन जोडप्याला वितळत्या बर्फातून वर आलेला माणसाचा देह दिसला. अलीकडेच मेलेला कुणी गिर्यारोहक असावा, असं आधी सगळ्यांना वाटलं. तपास झाला तेव्हा कळलं की हा माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा आहे. जवळच्या ओत्झ खोऱ्यावरून त्याला ओत्झी हे नाव पडलं. त्याच्याजवळ तांब्याच्या पात्याची कुऱ्हाड होती, कातड्याचा भाता होता, भात्यात १४ बाण होते. त्यांतल्या दोनच बाणांना फाळ आणि पिसं लावलेली होती. बाकीच्या १२ नुसत्या काड्या. आणि होती १.८२ मीटर लांबीची, यू नावाच्या झाडाच्या लाकडाची एक तासलेली काठी. तिच्या अंगभर कुऱ्हाडीचे घाव आहेत. टोकांना दोरी अडकवायच्या खाचा नाहीत. भात्यात मात्र जनावराच्या स्नायूंपासून वळलेली एक दोरी गुंडाळून ठेवलेली होती. हा माणूस डोंगर चढता चढता आपलं नवं धनुष्य घडवत होता. २००१ मध्ये त्याच्या देहाची क्ष-किरण तपासणी झाली आणि डाव्या खांद्यात रुतलेला गारगोटीचा फाळ दिसला. ज्यानं तो बाण सोडला, त्याचं धनुष्य तयार होतं.

पूर्ण झालेल्या धनुष्यावर शेवटची घासाई झालेली असते, तेल मुरलेलं असतं, कारागिराचा हात पुसला गेलेला असतो. ओत्झीच्या काठीवर घाव न् घाव शाबूत आहे. म्हणून मला ती संग्रहालयातल्या कुठल्याही देखण्या धनुष्यापेक्षा मोलाची वाटते. तिच्याकडे पाहिलं की काम कुठवर आलं होतं आणि कुठलं उरलं होतं, ते कळतं. उरलं होतं ते सगळ्यांत अवघड काम. या प्रकरणात तेच काम नीट समजून घेऊ.

आधी एक छोटा प्रयोग. लांबट खोडरबर घ्या. त्याच्या बाजूवर पेनानं सारख्या अंतरावर उभ्या रेघा मारा आणि ते वाकवा. बाहेरच्या बाजूला रेघा एकमेकींपासून लांब सरकतात, आतल्या बाजूला जवळ येतात, मधोमध मात्र अंतर होतं तेवढंच राहतं. वाकलेल्या लाकडात हेच घडतं. बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दाबली जाते. तिरंदाजाच्या तोंडासमोर येते ती आतली बाजू म्हणजे धनुष्याचं पोट; निशाणाकडे तोंड करून असते ती बाहेरची बाजू म्हणजे पाठ. पोट दबतं, पाठ ताणली जाते, आणि दोन्हींना पुन्हा मूळ लांबीवर यायची ओढ असते. ही ओढ म्हणजेच बाणाला मिळणारा जोर.

लाकूड किती ताणलं जाऊ शकतं? फारच थोडं. शंभर सेंटिमीटरला साधारण एक सेंटिमीटर. त्यापलीकडे बहुतेक लाकडं तुटतात. २ सेंटिमीटर जाडीची काठी १ मीटर त्रिज्येच्या गोलाईत वाकवली की पाठीवरचा ताण बरोबर या हद्दीला पोचतो. म्हणजे पूर्ण ओढलेलं लाकडी धनुष्य मोडण्यापासून अगदी थोड्या अंतरावर उभं असतं. आणि पाठ व पोट यांच्या मोडण्याच्या तऱ्हा वेगळ्या आहेत. पोटाचं लाकूड दबून खचतं, त्यावर बारीक आडव्या सुरकुत्या पडतात, धनुष्य मंद होतं, पण हातात राहतं. पाठ इशारा देत नाही. तिचा एक धागा तुटला की त्याच्या वाटचा ताण शेजारच्यावर पडतो, तोही तुटतो, आणि डोळ्यांची पापणी लवायच्या आत हातात दोन तुकडे येतात.

या एका गोष्टीतून धनुष्यकाराचा पहिला नियम निघतो: पाठीला हात लावायचा नाही. सालीखालचा लाकडाचा जो पहिला अखंड थर, तीच पाठ. झाडाच्या एका वर्षाच्या वाढीचा तो थर या टोकापासून त्या टोकापर्यंत न तुटता गेला पाहिजे. तासायचं ते सगळं पोटाकडून.

माझं पहिलं धनुष्य मोडलं ते हा नियम मोडल्यामुळे. ते धामणीचं होतं. सह्याद्रीतल्या पानझडी रानात वाढणारं हे झाड. त्याचं लाकूड चिवट आणि लवचिक, म्हणून कुऱ्हाडीचे दांडे आणि कावडीच्या काठ्या त्याच्या करतात. सालीच्या वाखाचे दोर वळतात. संस्कृतात या झाडाला 'धन्वन' म्हणतात. 'धन्वन्' म्हणजे धनुष्य. झाडाच्या नावातच त्याचा उपयोग आहे, हे कळल्यावर मला दुसरं लाकूड शोधावंसं वाटलं नाही.

मावळातल्या एका गावी एका शेतकऱ्याच्या बांधावर धामणीचं झाड होतं. त्याची मनगटाच्या दुप्पट जाडीची सरळ फांदी थंडीत, झाडात रस कमी असताना तोडली. करवतीनं उभी कापायला निघालो, तर गावातले सुतारकाका म्हणाले, "करवत नको लावू बाळ. करवत तिच्या मनानं चालते. पाचर लाकडाच्या मनानं चालते." आम्ही टोकाला कुऱ्हाडीचं पातं बसवलं, मागून लाकडी मोगरी मारली, चीर पडली तिथं पाचर ठोकली, मग पुढे दुसरी. फांदी कुरकुरत, सावकाश उकलली. उकललेली बाजू सपाट नव्हती. धागे जसे हलके वळत गेले होते, तशीच ती वळली होती. करवतीनं ती सपाट निघाली असती, पण ठिकठिकाणी धागे तिरके कापले गेले असते. कापलेला धागा पुढे ताण वाहून नेत नाही, तिथंच सोडतो.

मग वाळवणं. ओलं लाकूड वाकतं, पण परत उसळत नाही. लाकडातल्या नळ्या उभ्या धावतात, त्यामुळे टोकांकडून पाणी भराभर जातं, मधून हळूहळू. टोकं आधी आकसतात आणि फाटतात. म्हणून दोन्ही टोकांना मेण लावून बुजवायचं आणि लाकूड सावलीत, वारा खेळेल अशा जागी ठेवायचं. मी वर्षभर माळ्यावर ठेवलं. या वर्षात मला त्या लाकडाची इतकी माया लागली, की काम सुरू केल्यावर ते सुंदर दिसावं म्हणून मी साल सोलून पाठीवर रंधा मारला. एका जागी जुन्या गाठीचा बारीकसा उंचवटा होता, तो सपाट केला. पाठ आरशासारखी झाली.

मूठ धरून, एक टोक जमिनीवर टेकून, दुसरीकडून थोडासा भार दिला. तिसऱ्या खेपेला कडाड आवाज झाला आणि त्या सपाट केलेल्या जागेवरून वीतभर लांब ढलपी उठली. सुतारकाकांनी तुकडे हातात घेतले. फाटलेल्या जागेवरून अंगठा फिरवला.

"पाठीवर रंधा कुणी मारायला सांगितला होता?"

"काका, गाठ नीट दिसत नव्हती."

"गाठ म्हणजे झाडानं तिथं केलेली मजबुती. धागे तिला वळसा घालून जातात. तू तो वळसाच कापलास."

त्यांनी आयुष्यात कधी धनुष्य केलं नव्हतं. नांगराचे इसाड आणि बैलगाडीची जुवं केली होती, आणि लाकूड कुठं भार घेतं ते त्यांना ठाऊक होतं.

पुढे काही वर्षांनी मेरी रोझवरच्या धनुष्यांबद्दल वाचताना मला त्यांची आठवण झाली. इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याचं हे लढाऊ जहाज १९ जुलै १५४५ रोजी, फ्रेंच आरमाराशी लढताना, पोर्ट्समथजवळच्या समुद्रात बुडालं. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी त्याचा सांगाडा वर काढला. गाळात गाडलं गेल्यामुळे लाकूड सडलं नव्हतं. त्यात १३७ अखंड धनुष्यं मिळाली आणि साडेतीन हजारांहून जास्त बाण. त्याआधी इंग्लंडच्या त्या विख्यात लांब धनुष्यांबद्दलचं बरंचसं ज्ञान चित्रं आणि जुन्या लिखाणावर उभं होतं. आता एकदम शंभरावर वस्तू हातात आल्या. लांबी १.८७ ते २.११ मीटर, म्हणजे उंच माणसापेक्षाही जास्त. ती ओढायला लागणाऱ्या जोराचा अंदाज १०० ते १८५ पौंडांचा निघाला. आज ऑलिंपिकमध्ये उतरणारे पुरुष तिरंदाज साधारण ४५ ते ५० पौंडांचं धनुष्य वापरतात, यावरून त्या माणसांच्या खांद्यांची कल्पना करावी. या धनुष्यांच्या अभ्यासात सल्लागार म्हणून रॉबर्ट हार्डी हे नट होते. हॅरी पॉटरच्या चित्रपटांत जादूमंत्री फज झालेले तेच. लांब धनुष्याच्या इतिहासावरचं त्यांचं पुस्तक आजही जाणकारांच्या कपाटात असतं. आणि त्या १३७ धनुष्यांवर, गाठ आली तिथं कारागिरानं लाकूड मुद्दाम जास्त ठेवलेलं आहे, गाठीभोवती उंचवटा राखलेला आहे. दिसायला खडबडीत. सुतारकाकांना ते फार आवडलं असतं.

ती सगळी धनुष्यं यूचीच, ओत्झीच्या काठीसारखी. यूमध्ये एवढं काय आहे? त्याचं खोड आडवं कापलं की दोन रंग दिसतात: सालीलगत पांढुरका, काही मिलिमीटरचा पट्टा, आणि आत नारिंगी-तांबूस गाभा. पांढरं लाकूड ताण सोसायला उत्तम, गाभ्याचं लाकूड दाब सोसायला उत्तम. पाठीला पांढरं आणि पोटाला तांबडं येईल अशी पट्टी काढली, की दोन वेगळ्या गुणांची लाकडं चिकटवल्यासारखं धनुष्य एकाच फांदीतून निघतं, आणि त्यांच्यातला सांधा कधीच सुटत नाही, कारण तो झाडानंच घातलेला असतो. यू सावकाश वाढतं. उंच, थंड डोंगरात वाढलेल्या यूची वर्षवलयं अगदी दाट असतात, आणि धनुष्यकार तसंच लाकूड शोधतात.

इंग्लंडला आपलं यू पुरेना. १४७२ साली कायदा झाला की मालाचं जहाज इंग्लंडच्या बंदरात यायचं तर दर टनामागे धनुष्याच्या चार पट्ट्या आणायच्या. १४८४ मध्ये तिसऱ्या रिचर्डनं गोड वाइनच्या दर पिंपामागे दहा पट्ट्यांची अट घातली. आल्प्सच्या उतारांवरची यूची रानं या मागणीपायी विरळ झाली. यू वाढायला शतकं लागतात, आणि एका सरळ, बिनगाठीच्या दोन मीटर पट्टीसाठी अख्खं झाड जातं. युरोपातल्या या जुन्या रानांचं दुःख वाटतं, आणि आपल्याकडच्या यूचंही. हिमालयात गढवालकडे त्याला थुनेर म्हणतात. यूपासून टॅक्सॉल हे कर्करोगावरचं औषध निघतं हे कळल्यावर साल आणि पानांसाठी हिमालयातलीही झाडं ओरबाडली गेली.

सगळ्या देशांत यू नाही, आणि सगळ्या लाकडांना पाठ-पोट असं आयतं मिळत नाही. डेन्मार्कमधल्या होल्मेगार्डच्या दलदलीत सुमारे ९,००० वर्षांपूर्वीची धनुष्यं सापडली, ती एल्म नावाच्या झाडाच्या लाकडाची आहेत. एल्म ताणाला चांगलं, दाबाला कमकुवत. त्या कारागिरांनी धनुष्य रुंद आणि चपटं केलं, म्हणजे दाब जास्त लाकडावर पसरतो. कॅलिफोर्नियातल्या याही जमातीचा शेवटचा माणूस इशी १९११ मध्ये डोंगरातून ओरोव्हिलला उतरला आणि पुढची वर्षं सॅन फ्रान्सिस्कोच्या संग्रहालयात राहिला. तिथल्या सॅक्स्टन पोप या डॉक्टरांना त्यानं धनुष्य करायला शिकवलं. १९१६ मध्ये तो क्षयानं गेला. त्याचं धनुष्य डोंगरी जुनिपरचं, जेमतेम कमरेइतकं उंच, आणि पाठीवर सरसानं चिकटवलेले स्नायूंचे धागे. लाकडाची पाठ पुरेशी नसेल तर दुसरी पाठ चढवायची. हाच विचार पुढे नेऊन आशियातल्या कारागिरांनी पाठीला स्नायू, मध्ये लाकूड आणि पोटाला शिंग असं जोडधनुष्य केलं. शिंग दाबाला लाकडापेक्षा कितीतरी चांगलं. विष्णूच्या हातातलं धनुष्य शार्ङ्ग, म्हणजे शृंगाचं, शिंगाचं. 'शार्ङ्गपाणि' म्हणताना आपण एका कारागिरीचं नाव घेत असतो.

आता ओत्झीचं उरलेलं काम. कुऱ्हाडीनं ढोबळ तासून झालं की काठी सगळीकडे थोडी जास्तच जाड असते. मध्ये मूठ, तिथून दोन्ही टोकांकडे दोन भुजा निमुळत्या होत जातात. आता त्या वाकवायच्या आहेत, आणि दोन्ही सारख्या वाकवायच्या आहेत. इंग्रजीत याला टिलरिंग म्हणतात. मी बाक जुळवणं म्हणतो. धनुष्य करण्याचे दहा दिवस असतील तर त्यांतले सात इथं जातात.

भिंतीला उभी फळी ठोकायची. वर धनुष्याची मूठ आडवी बसेल अशी खाच, खाली एक कप्पी. टोकांना सैल दोरी बांधून ती कप्पीतून घ्यायची आणि दोन-तीन मीटर लांब उभं राहून हळूहळू ओढायची. जवळ उभं राहिलं तर बाक दिसत नाही, म्हणून हे अंतर. मी मागच्या भिंतीवर खडूनं आडव्या रेघा मारल्या होत्या. माझं दुसरं धनुष्य, तेही धामणीचंच, पहिल्यांदा ओढलं तेव्हा डावी भुजा टोकाशी जेमतेम हलली, उजवी मात्र मुठीजवळच कोपरासारखी दुमडली. दोरी सैल सोडली, खाली उतरवलं, डावीकडे जिथं वाकत नव्हतं तिथं पोटावर पेन्सिलीनं खुणा केल्या. तेवढंच खरवडलं. उजवीला हात लावला नाही.

खरवडायला मी काचेचा तुकडा वापरला. सुतार पॉलिशआधी वापरतात तसा. कानशीनं किंवा रंध्यानं एकदम फार निघतं. काचेच्या धारेनं केसासारखे वळलेले, अर्धपारदर्शक छिलके निघतात, बोटात धरले तर तुटतात. एवढ्यानं काय होणार असं वाटतं. पण हिशेब करून बघा. पट्टीची रुंदी दुप्पट केली तर तिचा ताठपणा दुप्पट होतो. जाडी दुप्पट केली तर तो आठपट होतो. जाडीचा घन मोजावा लागतो. २० मिलिमीटरचं लाकूड १९ केलं, एक मिलिमीटर काढला, तर ताठपणा सातवा हिस्सा कमी होतो. दोन मिलिमीटर काढले तर चौथ्या हिश्शाहून जास्त. म्हणून मुठीपासून टोकापर्यंत बोटांच्या चिमटीत जाडी धरून फिरवत राहायचं. सवय झाली की अर्धा मिलिमीटरचा फरक बोटांना कळतो, डोळ्यांच्या आधी.

खरवडलं की लगेच निकाल लागत नाही. लाकडाला बदल कळायला वेळ लागतो. दोरी वीस-तीस वेळा थोडी थोडी ओढायची, सोडायची, मगच बघायचं. आणि जेवढं वाकवून झालं त्याच्या पुढे, भुजा सारख्या झाल्याशिवाय, एक इंचही जायचं नाही. एक जागा बाकीच्यांपेक्षा जास्त वाकत असेल तर प्रत्येक ओढीनं ती आणखी मऊ होते. पाठीचा, पोटाचा सगळा भार तिच्यावर येतो आणि बाकीचं लाकूड नुसतं बघत बसतं. अशी जागा पडली तर तिथं काही करता येत नाही. काढलेलं लाकूड परत चढत नाही. उपाय एकच, बाकी सगळीकडे तासून सगळं धनुष्य त्या जागेइतकं मऊ करायचं.

हे दुसरं धनुष्य ४० पौंडांचं व्हायचं होतं. उजव्या भुजेच्या त्या कोपरामुळे मला इतकं खरवडावं लागलं, की शेवटी ते २८ पौंडांवर आलं. हुकाच्या ताणकाट्यावर दर संध्याकाळी मोजत होतो: ४६, ४१, ३७, ३३. त्या संध्याकाळी छिलक्यांचा ढीग पाहून पोटात कालवायचं. पण शेवटच्या दिवशी लांबून पाहिलं तेव्हा मुठीपासून दोन्ही टोकांपर्यंत बाक असा सलगपणे वाढत गेला होता, की कुठून सुरू झाला हे डोळ्याला सांगता येईना. खालची भुजा मी बोटभर आखूड आणि किंचित ताठ ठेवली होती. हात धनुष्याच्या मध्यावर असतो आणि बाण हाताच्या वरून जातो, त्यामुळे ताण दोन्हींकडे अगदी सारखा येत नाही. जपानी कारागीर तर मूठ मधे ठेवतच नाहीत. त्यांचं धनुष्य सुमारे २.२ मीटर लांब, आणि मूठ खालून साधारण तिसऱ्या हिश्शावर.

धनुष्याच्या टोकाला संस्कृतात कोटी म्हणतात. रामेश्वरच्या पुढचं धनुष्कोडी म्हणजे तेच, धनुष्याचं टोक. इथं दोरीसाठी खाचा पाडायच्या. पाठीवर शक्यतो नाही, कडेनं, आणि गोल कानशीनं. मेरी रोझच्या धनुष्यांच्या टोकांवर शिंगाच्या टोप्या होत्या; शिंग समुद्रानं खाल्लं, खाली लाकडावर त्यांच्या खुणा राहिल्या.

दोरीबद्दल बोलायला लागलो तर हे प्रकरण संपणार नाही, तरी थोडं बोलतोच. कौटिलीय अर्थशास्त्रात धनुष्यांचे चार प्रकार आहेत: ताडाचं, बांबूचं, लाकडाचं, शिंगाचं. लगेच दोऱ्यांची यादी आहे. त्यात मूर्वा वेलीचा वाख, रुईचा वाख, शण, बांबू आणि स्नायूंची तात येते. मूर्वेची म्हणून मौर्वी. दोरीला दुसरं नाव ज्या, आणि तिसरं जीवा. शाळेत वर्तुळाची जीवा शिकलो ती हीच, चाप म्हणजे धनुष्य, आणि चापाच्या दोन टोकांना जोडणारी ती जीवा. भारतीय गणितींनी अर्ध्या जीवेची कोष्टकं केली. तिलाच ते नुसतं ज्या म्हणू लागले. त्रिज्येतही तीच ज्या आहे. तीन राशींची, म्हणजे नव्वद अंशांची ज्या ती त्रिज्या. अरबी भाषेत गेल्यावर जीवेचं 'जैब' झालं, त्याचा अर्थ खिसा किंवा कपड्याची चुणी असा घेऊन लॅटिनमध्ये 'सायनस' आलं, आणि आज कॅल्क्युलेटरवर जे बटण आहे ते तिथून. पिंजाऱ्याच्या धनुकलीची तात आणि साइनचं बटण एकाच दोरीची नातेवाईक आहेत, हे मला दरवेळी नव्यानं वाटतं.

त्या यादीतला बांबू वाचून मी थबकलो होतो. बांबूची दोरी? मग सातपुड्यात ती हातात घेतली. नंदुरबारकडे, धडगाव-अक्कलकुव्याच्या डोंगरात भिल्ल आणि पावरा लोकांचा तीरकामठा असतो. कामठाही बांबूचा आणि दोरीही बांबूचीच, चापट पट्टी. बोटाखाली ती दोरीसारखी गुबगुबीत लागत नाही, कडक आणि गार लागते. टिचकी मारली तर टणत्कार करते. पावसात भिजली तरी ही पट्टी फारशी लांबत नाही. बांबू खरं म्हणजे गवत. त्याचे बळकट धागे बाहेरच्या सालीकडे दाट आणि आतल्या बाजूला विरळ असतात. यूमध्ये जे झाड दोन रंगांत करतं, ते बांबू एकाच रंगात करतो. त्याला वर्षवलयं नाहीत, वळसे घालणाऱ्या गाठी नाहीत, आहेत ती फक्त पेरं, ठरावीक अंतरावर. ज्या मुलखात मानवेल बांबू दाट वाढतो, तिथल्या माणसांनी दुसरं लाकूड का शोधावं?

दोरी चढवताना जपावं. पाय मध्ये घालून धनुष्य वाकवायचं असतं. टोक सुटलं तर ते तोंडावर येतं. आणि बाण न लावता ओढून सोडू नये, कधीच. सुटलेल्या दोरीतला बहुतेक जोर बाण घेऊन जातो. बाण नसेल तर तो जोर परत लाकडात येतो. मी एकदा एका पाहुण्यांच्या हातात धनुष्य दिलं आणि सांगायला विसरलो. नशिबानं धामण चिवट होती.

दुसऱ्या धनुष्याला मी पाठीवर फक्त जवसाचं तेल लावलं. खाली सालीचे तपकिरी ठिपके राहिले आहेत, एका गाठीभोवतीचा उंचवटा आहे, आणि ते सगळं तसंच ठेवलं आहे. पोटाकडून ते गुळगुळीत आहे. ताण उतरवल्यावर ते पूर्वीसारखं सरळ होत नाही, टोकं दोन बोटं पोटाकडे वळलेली राहतात. रात्रभर आडवं ठेवलं की सकाळी एकच बोट उरतं. लाकडी धनुष्यानं एवढं घेणं ठीक आहे. बैठकीतल्या भिंतीवर दोन खुंट्यांवर ते आडवं असतं, दोरी उतरवून. उभं टेकवून ठेवलं तर एक भुजा वाकायला शिकते. हुकाचा ताणकाटा अजून शेजारी आहे. आषाढात, घरात कपडे वाळत नाहीत त्या दिवसांत, धनुष्य २६ भरतं. हवेतला ओलावा लाकूड पितं आणि मऊ होतं. होळीच्या सुमाराला पुन्हा २८.